गोदावरीच्या माशांचं डीएनए बारकोडिंग, नाशिकमधल्या कामाच्या नोंदी

कॉलेजच्या छोट्या निधीतून हे काम केलं. हाताशी मी, टीवायची तीन पोरं आणि लॅबमधले मामा. नाशिक परिसरात मिळणाऱ्या ४० माशांचा सीओआय जीन (जवळपास प्रत्येक जातीत थोडा वेगळा, म्हणून बारकोडसारखा चालतो) वाचायचा आणि नाव पक्कं करायचं, एवढाच बेत होता. कुणी आपल्या नदीवर असंच काही करणार असेल तर आमच्या चुका तरी परत करू नका, म्हणून वहीतलं जवळपास जसंच्या तसं टाकतेय.

११ जून

बजेट ४० हजार. प्रायमर (जीनचा हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले, माशांसाठी नेहमी वापरतात तीच जोडी, फिश-एफ-वन आणि फिश-आर-वन, २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या माशांच्या कामात पहिल्यांदा वापरलेली. दोन्ही २६-२६ अक्षरांचे, म्हणजे ५२ अक्षरं, आम्हाला १२ रुपये अक्षर पडलं. सगळ्यात स्वस्त वस्तू हीच निघाली. एन्झाइम आणि डीएनए काढायचं किट यांनीच अर्धे पैसे खाल्ले. पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती वाढवणारं) जुनं आहे, झाकण नीट गरम होत नाही, मामा त्यावर गुळगुळीत पाटा ठेवून दाबतात. चालतंय.

१९ जून

पहिला दणका. मासा ठेवायला ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल पाहिजे आणि ते दुकानात जाऊन घेता येत नाही, परवाना लागतो. हे मला माहीत होतं, पण कॉलेजचा परवाना आहेच असं मी धरून चालले होते, तो मार्चमध्येच संपलेला निघाला. नवीन अर्ज केला. इकडे पाऊस सुरू झालाय, चढणीचे मासे काही परवान्यासाठी थांबणार नाहीत. म्हणून मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिटच्या १० बाटल्या आणल्या. (पुढे कळलं की ही या कामातली सगळ्यात महाग खरेदी होती.)

२३ जून

गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला गेलो. पाणी गढूळ, दगड शेवाळलेले, एका पोराची चप्पल गेली. मल्ल्या मिळाले ५. हा मासा हातात घेऊन उलटा केला की हनुवटीखाली गोल चकती दिसते, तिनेच तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून बसतो, बादलीच्या कडेला पण चिकटला होता, सोडवायला बोट आत घालावं लागलं. शिवाय खवली, दांडवण आणि तिलापी. तिलापी तर न मागता येते, १९५२ साली देशात आणली आणि आता कुठलंही जाळं टाका, आधी तीच.

मासे अख्खेच्या अख्खे स्पिरिटमध्ये टाकले, छोट्या नळ्यांत दाबून. नळ्यांवर मार्करने नंबर, एन-१ ते एन-१४.

२ जुलै

नांदूर मध्यमेश्वरला जायचं ठरवलेलं, गाडी सांगून ठेवली होती, आदल्या रात्री एका सिनियर सरांनी विचारलं, परवानगी काढलीस का? पक्षी अभयारण्य आहे ते, २०२० पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पण, राज्यातलं पहिलं. तिथून पाण्याचा थेंब उचलायचा तरी वनखात्याला विचारूनच. मी फक्त पक्ष्यांचा विचार केला होता, मासेही त्यातच येतात हे डोक्यातच नव्हतं. गाडीवाल्याला ५०० रुपये आगाऊ दिलेले ते गेले.

मग ठरवलं की बाकीचे नमुने सरळ बाजारातून, मासेमारांकडून विकत घ्यायचे. सायखेड्याच्या बाजारात एक काका बसतात, तळ्याचा आणि नदीचा दोन्ही माल असतो त्यांच्याकडे.

१० जुलै

आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन, १९५७ ला याच तारखेला हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी आपल्या मोठ्या कार्प (रोहूच्या कुळातल्या) माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली होती. पोरांना गाडीत हे सांगत होते. त्याचा संबंध पुढे एवढा येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

काकांकडून मरळ, वाम, शिंगाळा, रोहू आणि एक कटला घेतला. कटला दीड किलोचा, एन-१७. तो तराजूत टाकताना काका म्हणाले, "ताई, हा धड कटला नाही बरं का, डोकं बघा ना." मी हो हो केलं. वहीत लिहिलं "कटला". काका काय म्हणाले ते लिहिलं नाही. पोरांपैकी एकीने मात्र मोबाईलवर फोटो काढून ठेवला, देव तिचं भलं करो.

२५ जुलै

परवाना आला, ५ आठवडे आणि १ दिवस. खरं इथेनॉल मिळालं. जुने नमुने नव्यात घालायला कपाट उघडलं तर एन-१ ते एन-१४ पैकी ११ नळ्या कोऱ्या! मार्करची शाई स्पिरिटने धुऊन नेलेली. झाकण गळत होतं, नळ्या आडव्या पडलेल्या. सगळ्यांचं पाणी निळसर झालं होतं, म्हणजे आमचे नंबर माशाच्या अंगात गेले.

मल्ल्या, तिलापी ओळखू येतात, पण ४ खवलीतली कुठली कुठे सापडली होती ते आता कायमचं गेलं. त्या चारही टाकून दिल्या. हे वाचणाऱ्याने एवढं जरी घेतलं तरी चालेल: जाडसर कागदाची चिठ्ठी, त्यावर शिसपेन्सिलने नंबर, आणि चिठ्ठी नळीच्या *आत*. पेन्सिलला अल्कोहोल काही करत नाही. बाहेरचा नंबर नुसता शोभेला.

आतापासून अख्खा मासा नाही, पराचा (पोहायच्या पंखाचा) नखाएवढा तुकडा, त्याच्या दहापट इथेनॉल, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलायचं कारण माशातलं पाणी त्यात उतरतं.

३ ऑगस्ट

उद्या गटारी. बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि मासेवाल्या मावशींना माझ्या नखाएवढ्या तुकड्यात काडीचा रस नाही. "घ्यायचा तर अख्खा घ्या, परं कापून देत नाही." रास्त आहे. भाव दुप्पट. १२ नमुन्यांचे २,३०० गेले, त्यातला बराचसा मासा मामांच्या घरी गेला. परवापासून श्रावण, अर्धा बाजार उठेल, म्हणून आजच घ्यावं लागलं.

"गावरान मागूर" म्हणून दोन घेतले, शंका आहेच.

७ ऑगस्ट

धरणातून पाणी सोडलंय, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या (नाशिककरांची पुराची खूण) कमरेपर्यंत पाणी असं पोरं सांगत होती. आठवडाभर फील्ड बंद. लॅबमध्ये डीएनए काढायला घेतला. तुकडा, बफर, प्रोटीनेज-के (मांस विरघळवणारं एन्झाइम), ५६ अंशाला रात्रभर. पहाटे लाईट गेली आणि वॉटर बाथ गार. सकाळी नळ्यांमध्ये पराचे तुकडे जसेच्या तसे. परत अर्धा दिवस ठेवले, विरघळले.

१२ ऑगस्ट

पहिला पीसीआर. ५४ अंशाला प्रायमर बसतो, ३५ फेऱ्या. १६ नमुन्यांपैकी ५ ला जेलवर पट्टी दिसली (डीएनए वाढला तरच दिसते), साधारण ६५० अक्षरांच्या जागी, जिथे पाहिजे तिथेच. ११ ला काहीच नाही.

त्या ११ पैकी ७ स्पिरिटमधले. सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी असतंच, त्यात आम्ही अख्खे मासे कोंबले होते, म्हणजे अल्कोहोल अजून पातळ. आत डीएनए कुजत होता आणि आम्हाला वाटत होतं मासा टिकलाय. दिसायला छान होते.

उरलेल्या ४ ची गंमत वेगळी. त्यांच्यात डीएनए भरपूर होता, नको तेवढा. १ भाग डीएनए ९ भाग पाणी असा पातळ केला आणि तेच रिॲक्शन लावलं तर चारही चमकले. डीएनएसोबत चिकट, रंगीत जे काही येतं ते एन्झाइमला अडवतं, पातळ केलं की तेही पातळ होतं. मी आधी दोन दिवस उलट डीएनए वाढवत बसले होते. ३६ रिॲक्शन वाया, पैशात धरलं तर अठराशे.

२८ ऑगस्ट

पहिल्या ८ नमुन्यांचे सिक्वेन्सिंगचे (डीएनएची अक्षरं वाचण्याचे) निकाल बाहेरच्या कंपनीकडून आले. ब्लास्टमध्ये (आपली अक्षरं जगभरच्या डेटाबेसशी जुळवून बघायचं साधन) टाकले. मल्ल्या: तिलापी. दांडवण: तिलापी. शिंगाळा: तिलापी. ८ पैकी ६ तिलापी, तीही मोझांबिक, अगदी ९९ टक्के जुळणी.

पोरं हसत होती, मला घाम फुटला.

कारण शोधायला तीन दिवस गेले. एकच कात्री होती. प्रत्येक माशानंतर ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचो आणि आम्हाला वाटायचं स्वच्छ झाली. अल्कोहोल डीएनएला मारत नाही, ते तर डीएनए टिकवायलाच वापरतो आपण! इतकं साधं, वर्गात शिकवते मी हे. आणि नमुने कापले त्या दिवशी सगळ्यात आधी कापली ती तिलापी. स्पिरिटमधल्या नमुन्यांचा स्वतःचा डीएनए आधीच मेलेला, मग कात्रीवरून आलेला चिमूटभर तिलापीचा डीएनएच पीसीआरने वाढवून दिला.

हे जेलवरच कळलं असतं, पण एन्झाइम वाचवायला मी कोरी नळी, म्हणजे मासा न घालता नुसती पुसलेली कात्री बुडवलेली, लावलीच नव्हती. काढताना एक कोरी नळी आणि पीसीआरला एक कोरी नळी, दोन्ही प्रत्येक वेळी लावायच्या. २ नळ्या वाचवल्या आणि ८ सिक्वेन्सिंगचे ३,६०० घालवले.

आता कात्री आधी ब्लीचमध्ये, मग पाण्यात, मग ज्योतीवर. ६ कात्र्या आणल्या, ३० रुपयांची एक.

१७ सप्टेंबर

गणपतीनंतर दुसरा लॉट, २२ नमुने. आलेखातली शिखरं (एकेक अक्षराचं एकेक) स्वच्छ, सुरुवातीची ४० अक्षरं सोडली तर. ती कापायचीच असतात.

मग सिक्वेन्स प्रथिनात बदलून बघितले, मध्येच थांबा-खूण (प्रथिन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं) आली तर गडबड समजायची. सगळ्यांत थांबा-खुणा, एकेकात चार-पाच! रात्री ११ वाजता एका मैत्रिणीला पुण्याला फोन केला, ती म्हणाली कोड कुठला लावलायस? साधा. सीओआय मायटोकाँड्रियातला (पेशीतला ऊर्जेचा कारखाना), त्याचा कोड वेगळा असतो ना, तिथे टीजीए म्हणजे थांबा नाही, ट्रिप्टोफॅन. ड्रॉपडाउनमधून दुसरा पर्याय निवडला आणि सगळं सरळ. ५ तास.

३ ऑक्टोबर

नावांचा गोंधळ. ब्लास्ट ९९ टक्के म्हणतो म्हणून नाव लिहून मोकळं व्हायचं नाही, हे आज कळलं. एकाच ठिपकेवाल्या खवलीला डेटाबेसमध्ये तीन नावं. काही जुनी आहेत: पुंटियस हा वंश (जीनस) मोडून २०१२ ला पेथिया, डॉकिन्सिया असे वंश वेगळे केले, पण आधी जमा केलेले सिक्वेन्स जुन्याच नावाने पडलेत. काही सरळ चुकीचे, कुणीतरी मासा न ओळखता टाकून दिलेले. आम्ही असं ठरवलं की ज्या नोंदीला जपून ठेवलेला मासा आणि फोटो आहे तिलाच मत, बाकीच्या कितीही जुळू देत.

दोन्ही "गावरान" मागूर आफ्रिकन निघाले, क्लॅरियस गॅरिपिनस. याच्या पालनावर २००० पासून बंदी आहे. मावशींनाही माहीत नसेल, त्यांना वरून जो माल येतो तो.

मल्ल्याचं नाव आलं तेव्हा मात्र वर्गात मजा आली. गारा मुल्ल्या. "मॅडम, हे तर मराठीच आहे!" आहेच. कर्नल साइक्स म्हणून इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये होता, त्याने १८३९ ला इथल्या माशांची वर्णनं छापली आणि बऱ्याच ठिकाणी मासेमार जे म्हणायचे तेच लॅटिनच्या शेजारी बसवलं: मुल्ल्या, खुद्री, कोलुस, नुक्ता, फुलुंगी, सींघाला. आमचा शिंगाळा पण त्यातलाच. त्याने काकांसारख्या कुणाचं तरी ऐकून लिहून ठेवलं. मी नाही.

२१ ऑक्टोबर

म्हणजे एन-१७, काकांकडचा तो कटला.

सिक्वेन्स उत्तम, जुळणी कटल्याशी, ९९ च्या वर. यादीत "कटला" लिहून पुढे जाणार तेवढ्यात पोरीने तो फोटो दाखवला. कटल्याचं डोकं भलं मोठं, तोंड वर वळलेलं. याचं डोकं लहान, तोंड जवळपास समोर, आणि खालच्या ओठाला बारीक झालर, जी रोहूला असते. तेव्हा काकांचं वाक्य आठवलं.

सीओआय मायटोकाँड्रियात असतो आणि मायटोकाँड्रिया येतं आईकडून. म्हणजे आमच्या बारकोडने एवढंच सांगितलं की याची *आई* कटला. बापाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही, बोलूच शकत नाही. सगळा प्रकल्प मी या एका जीनवर उभा केला होता.

कटला आणि रोहूचा संकर होतो, हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) तर सहज. दोन्ही मासे मुळात गंगेकडचे, आपल्या धरणांत बीज सोडून आणलेले. चायनीज हॅचरीच्या गोल टाकीत जागा आणि वेळ वाचवायला दोन-तीन जातींच्या माद्या-नर एकत्र इंजेक्शन देऊन सोडले की अंडी आणि शुक्राणू एकाच पाण्यात, मग कोण कुणाचं ते पाणीच ठरवतं. जिरे (नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं) म्हणून विकलं जातं तेव्हा ते डोळ्याला एकसारखंच, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) झाली तरी घेणाऱ्याला कळत नाही. पुढे तेच मासे मोठे होऊन प्रजननाला वापरले की घोळ पिढ्यान्पिढ्या.

यावर वाचताना एकदम दुसऱ्या टोकाला पोचले, कॅलिफोर्नियाचा डेल्टा स्मेल्ट. बोटाएवढा मासा, ६-७ सेंटीमीटर, नदी आणि खाडीचं पाणी जिथे मिसळतं तिथे राहतो, बहुतेक वर्षभरच जगतो, आणि अंगाला म्हणे काकडीचा वास येतो. १९९३ ला तो संरक्षित यादीत गेला. तिथे १९५९ ला जपानहून वाकासागी नावाचा त्याचाच भाऊबंद आणून जलाशयात सोडला होता, मोठ्या माशांना खाद्य म्हणून, तो तिथून खाली नदीत उतरला. दोन्ही दिसायला इतके सारखे की जाणकारही फसतात, आणि संकरही सापडलेत. तिथेही हीच अडचण, मायटोकाँड्रिया आईचंच नाव सांगणार, म्हणून ते केंद्रकातल्या डीएनएच्या खुणा तपासतात.

मला जास्त लागलं ते पुढचं. हा मासा संपू नये म्हणून २००८ पासून यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या केंद्रात तो पाळून ठेवलाय, आणि तिथे प्रत्येक माशाच्या पराचा कण घेऊन, नातं काढून, मगच जोडी लावतात. आपल्याकडे लग्नाआधी गोत्र बघतात तसं, सख्ख्यातलं जुळायला नको म्हणून. बोटाएवढ्या माशाचं. आणि दीड किलोच्या कटल्याचा बाप कोण ते विचारायला आपल्याकडे कुणी नाही.

१४ नोव्हेंबर

दिवाळीनंतर ऱ्होडॉप्सिनचे प्रायमर आले. हा डोळ्यातल्या रंगद्रव्याचा जीन, केंद्रकातला, आईबाप दोघांकडून येतो, आणि माशांत त्यात मध्ये इंट्रॉन (जीनमधले प्रथिनात न येणारे तुकडे) नसतात त्यामुळे सरळ वाचता येतो. खर्च वाढला, ४ हजार खिशातून घातले.

तुलनेला खात्रीचा रोहू आणि खात्रीचा कटला पाहिजे. इथेच अडकलो. बाजारातला रोहू खात्रीचा कशावरून? तो पण त्याच टाकीतून आला असेल. १० जुलैचा रोहू, एन-१६, दिसायला चोख, तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? शेवटी प्रत्येकी ४ मासे घेतले, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून.

२६ नोव्हेंबर

निकाल. ४ कटले आपसात सारखे. रोहूंपैकी ३ सारखे, चौथ्याचं वाचन खराब आलं. एन-१७ मध्ये ज्या ज्या जागी रोहू आणि कटल्यात फरक आहे त्या प्रत्येक जागी दोन शिखरं, एकावर एक, जवळपास सारख्या उंचीची. सॉफ्टवेअरने तिथे आपोआप एकच अक्षर निवडून टाकलं होतं, नुसती अक्षरांची फाईल बघितली असती तर हे दिसलंच नसतं. मूळ आलेख एकेक करून डोळ्यांनी बघा, कंटाळा आला तरी.

आई कटला, बाप रोहू, बहुतेक पहिल्याच पिढीचा. "बहुतेक" यासाठी की एका जीनवर एवढंच म्हणता येतं. त्याहून पक्कं करायचं तर मायक्रोसॅटेलाइट (केंद्रकातल्या डीएनएच्या अजून खुणा) लावावे लागतील, ते या बजेटात नाही.

चौथा रोहू परत पाठवला.

१५ डिसेंबर

तो पण दुहेरी शिखरांचा निघाला. पण सगळ्या जागी नाही, काहीच जागी. मग हा पहिल्या पिढीचा नसावा, मागे कुठेतरी मिसळ होऊन परत रोहूत गेलेला असू शकेल, किंवा रोहूतच असे दोन प्रकार असतील. ३ माशांवर सांगता येत नाही. यादीत "लेबियो रोहिता (म्हणजे रोहू), तपासायचा" असं ठेवलंय.

काकांना सांगायला सायखेड्याला गेले. त्यांना विशेष काही वाटलं नाही. म्हणाले, असे येतातच की, शेकड्याला दोन-चार, चवीत फरक नाही, भाव कटल्याचाच लागतो. मग विचारलं, तुम्हाला कळायला एवढे दिवस का लागले. यावेळी त्यांचं सगळं लिहून घेतलं: कुठल्या तळ्याचा माल, बीज कुठल्या महिन्यात पडलं, असे मासे कधीपासून दिसायला लागले. वहीत आता "विकणारा काय म्हणतो" असा वेगळा रकाना आहे, नावाच्या आधी.

हिशोब: ठरलेले ४० हजार, लागले ५१,२००. नमुने ४०, त्यातले ३१ पक्के, ४ नंबर गेल्यामुळे बाद, ३ चा डीएनए मेला, २ अनिश्चित. वेळ ३ महिने धरला होता, ६ लागले.

इथेनॉलचा परवाना मार्चअखेर संपतोय, नूतनीकरणाचा अर्ज आजच टाकला.